माईकवर पुकारलेला डबा

नांदेडला आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुली भाड्यानं राहतात. त्यातली राजकन्या साऱ्या गल्लीला ठाऊक आहे ती तिच्या आवाजामुळे. सकाळी नळ आला की जिन्यावरून हमखास ऐकू येतं, "माझी बादली कुणी नेली गं?"

राजकन्या बिराजदार निलंग्याकडची. इथं एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दिवसभर लोकांच्या नळ्या आणि त्यावरच्या चिठ्ठ्या सांभाळायच्या, एकाची दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. एवढं करून दमून घरी यावं, तर आपला टॉवेल अयोध्याच्या डोक्याला आणि आपलं तेल उज्वलाच्या वेणीत!

त्या दोघी वाईट मुळीच नाहीत. अयोध्या जळकोटची, विम्याच्या ऑफिसात आहे. हाताला लागेल ते आपलं आणि आपलं तेही सगळ्यांचं, असा तिचा मोकळा कारभार. स्वतःची कोरी छत्री कुणाला दिली हेही तिला आठवत नाही. उज्वलाचं तसंच, फक्त ती वस्तू वापरून झाल्यावर सांगते तरी.

राजकन्यानं उपाय करायचे काही ठेवले नाहीत. एकदा शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीवर तिनं 'पोटाचं चूर्ण' अशी चिठ्ठी डकवली. नेमकं त्याच आठवड्यात उज्वलाचं पोट बिघडलं. तिनं बरणी रिकामी केली आणि वर राजकन्यालाच सांगितलं, "राजे, तुझ्या चूर्णानं लई गुण आला बघ!" हे सांगायला राजकन्या खाली माझ्याकडे आली आणि सांगता सांगता स्वतःच ओट्याला टेकून हसत बसली.

पण एका वस्तूच्या बाबतीत ती हसण्यावारी नेत नसे. तो होता पितळी डबा. तिच्या आईनं माहेराहून आणलेला, आणि लेक नोकरीला निघाली तेव्हा तिच्या हातात ठेवलेला. त्यात ती ज्वारीचं पीठ ठेवायची. येत्या रविवारी आई पहिल्यांदाच लेकीची खोली बघायला येणार होती. डबा तोवर धड राहावा, एवढीच तिची धास्ती.

"नाव घालून आण ना," मी सुचवलं. "नाव असलेलं भांडं कुणी कुठं विसरत नाही."

तिनं पीठ काढून डबा घासला आणि ड्युटीवर जाताना भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्या हणमंतरावांकडे टाकला. संध्याकाळी आणला तो थेट माझ्यापुढे ठेवला. सुरेख अक्षरात कोरलं होतं, 'कु. राजकन्या बिराजदार, निलंगा यांच्याकडून सप्रेम भेट.'

"हे काय गं?"

"म्हटलं त्यास्नी, काका, मी फक्त नाव सांगितलंतं. तर म्हणत्यात, लग्नसराई हाय बाई, हात आपोआप तिकडंच जातो. म्हटलं, मग पुसा. तर म्हणत्यात, पितळ हाय ते, पाटी न्हाई." तिनं डबा काखेत मारला. "जाऊ द्या काकू. नाव तर हाय ना? पुरं झालं."

पुरं झालं नाही. गुरुवारी अयोध्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न होतं आणि लाडू करून आणायचं अयोध्यानं कबूल केलेलं. लाडू झाले भरपूर, आणि ते मावेल असं भांडं घरात एकच. ओट्यावर नाव घालून आणल्यावर धुतलेला पितळी डबा उघडा वाळत होता. तिनं लाडू भरले, झाकण दाबून बसवलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यातच राजकन्याला म्हणाली, "राजे, तुझं नाव माईकवर पुकारलं की! सगळ्या मांडवानं ऐकलं!"

"माझं? मी कुठं आलते लग्नाला?"

"डब्यावर होतं ना. आहेर मांडणाऱ्यानं वाचलं अन् पुकारलं."

राजकन्या ओरडली नाही. मला तेच बरं वाटेना. थोड्या वेळानं ती खाली आली. "काकू, आहेर परत मागता येतो का हो?"

"मागता नाही येत. पण नवरीला भेटायला जाता येतं."

शनिवारी आम्ही विष्णुपुरीला निघालो. राजकन्याच्या पिशवीत बदली द्यायला नवाकोरा स्टीलचा डबा होता. अयोध्या तोंड एवढंसं करून मागे.

नवरीची सासू रत्नम्मा देगलूरकडची. आम्हाला बघून तिला कोण आनंद! "ह्याच का त्या? या अम्मा, बसा. आजकाल पितळ कोण देतंय हो!" शिरा आला, चहा आला, परत शिरा आला. समोरच्या फळीवर, सगळ्या स्टीलच्या पुढे, डबा. राजकन्या घास गिळायची, डब्याकडे बघायची, पुन्हा घास गिळायची. मी कोपरानं दोनदा ढोसलं. तिनं नुसता आणखी एक घास घेतला.

"लाडू मात्र अजून तसेच हायेत," रत्नम्मा म्हणाली. "झाकणच निघंना. आता पोराला म्हणणार हाय, पक्कड लाव."

"पक्कड न्हाई!" राजकन्या ताटलीसकट उठली. तिनं डबा मांडीवर घेतला, थोडा फिरवला आणि कडीच्या खाली, एका बाजूला, तळहाताची टाच मारली. टक्. झाकण हातात.

रत्नम्मा बघत राहिली. "एवढा हात बसलाय? मग हा विकत आणलेला न्हाई."

"आईचा हाय, मावशी," राजकन्या म्हणाली, आणि मग हणमंतरावांपासून लाडवांपर्यंत सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"चूक माझीच हाय," अयोध्या पुटपुटली.

"आणि ते माईकवर पुकारत होते, तवा तू काय केलीस?" रत्नम्मानं तिला विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

रत्नम्मा इतकी हसली की नवी सून पाणी घेऊन धावत आली. डोळे पुसून ती म्हणाली, "घेतलेला आहेर परत देत नसतात. पण तुमाला परतीचा आहेर करायचा राहिलाय की आमचा! सूनबाई, कुंकू आण." लाडू परातीत ओतले, आम्ही सगळ्यांनी तिथंच खाल्ले. रिकाम्या डब्यात घरच्या शेवया भरल्या, वर खण ठेवला आणि रत्नम्मानं तो राजकन्याच्या ओटीत घातला. स्टीलचा डबा नको नको म्हणत तिनं ठेवून घेतला.

रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. राजकन्यानं डबा लेकरासारखा छातीशी धरलेला. "उद्या आईला ह्याच शेवयाची खीर करते, काकू."

"दे, जड असंल, मी धरते," अयोध्या पुढे झाली.

"तू हात लावू नको. माझी चप्पल घालून आलीस, तेवढं बास हाय."

मी खाली पाहिलं. अयोध्यानं घाईघाईनं पाय साडीत ओढून घेतले. मग मी राजकन्याच्या पायांकडे पाहिलं. "आणि ही गं कुणाची?"

"उज्वलाची," ती म्हणाली. "मग काय अनवाणी येऊ?"