खोडे सरांचा समुद्र

आम्ही चार रिटायर मास्तर एकत्र बसलो की चहा निवतो आणि खोडे सरांचा विषय निघतो. एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच! सर सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी गणित. ऐंशीच्या त्या दशकात सर दर रविवारी गावोगाव जाऊन जगाबद्दल भाषणं द्यायचे. एक नकाशा, एक सूप आणि पाण्याची एक शिशी, एवढंच सामान. शिशी मागाहून आली, तिचं शेवटी सांगतो. मला त्यांनी गणितवाला म्हणून नेलं आणि नकाशा टांगायची खुंटी म्हणून वापरलं.

* * *

रामाकोन्याला आम्ही छोट्या लाईनच्या गाडीनं गेलो. सरांची पृथ्वी म्हणजे संत्रं, तेही त्याच गावच्या बागेतलं. मेणबत्ती हा सूर्य. दिवस-रात्र समजावून सर नकाशाकडे वळले. ऋतू सांगायला परत आले, तर टेबलावर नुसती सालं!

सभेचे अध्यक्ष बागायतदार होते. तोंड पुसत शांतपणे म्हणाले, "अजून आठ दिवस झाडावर ठेवा लागत होती तुमची पृथ्वी. आंबट हाये."

सरांनी तेही वहीत टिपून घेतलं. तेव्हापासून आम्ही दोन पृथ्व्या न्यायला लागलो, त्यातली एक अध्यक्षांची.

* * *

पांढुर्ण्याची गोष्ट वेगळी. आमचा नकाशा इतका जुना, की त्यात बांगलादेश झालाच नव्हता. सर त्या जागी नावाची चिठ्ठी चिकटवून न्यायचे. ऐन भाषणात ती गळून पडली.

मागून एक रिटायर फौजी उठले. "सर, हा देश झाला तवा मी तिथंच होतो. खडू द्या," म्हणाले.

सरांनी खडू दिला आणि स्वतः खाली सतरंजीवर जाऊन बसले. फौजी पाऊण तास बोलले. परतताना सर खुशीत होते. म्हणाले, आजचं भाषण फार चांगलं झालं. स्वतः एक वाक्य बोलले नव्हते! असा मोठ्या मनाचा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

* * *

पण सरांचं खरं भाषण समुद्राचं. लाटांचा आवाज काढायला ते सुपात तूर घेऊन हलवायचे. मोहगावला चंद्रभागाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेतात मजुरी करणारी बाई, वय साठीचं. सुपातली तूर सांडताना त्यांना बघवेना. उठल्या, सरांच्या हातातून सूप घेतलं आणि अशा काही लाटा काढल्या, की अख्खी सभा चिडीचूप!

मग त्यांनी साधेपणानं विचारलं, "गुरुजी, समुद्र असाच वाजते का? तुमी त पाह्यला असन."

सर म्हणाले, "नाही बाई. मी नागपूरच्या पुढे गेलोच नाही."

कोणी हसलं नाही, हेच सरांना जास्त लागलं. वाटेत मला म्हणाले, "पंधरा वर्षं लोकायले न पाह्यलेलं सांगून राहिलो. आता बंद."

आणि खरंच बंद केलं. लोधीखेड्याची माणसं दोनदा बोलवायला आली, हात हलवत परत गेली. सूप खुंटीला लागलं. मी रविवारी घरात बसून कंटाळलो, बायको माझ्याहून जास्त कंटाळली. सरांचं काय होत होतं ते चेहऱ्यावर दिसायचं. वर्गातही ते आता पुस्तकातलं तेवढंच वाचून दाखवायचे.

* * *

डिसेंबर आला. सहा तारखेला मोहगावची मंडळी चैत्यभूमीला, दादरला गेली. परतल्यावर चंद्रभागाबाई घरी न जाता पिशवी घेऊन थेट शाळेत आल्या. मधली सुट्टी होती. सर नळावर हात धूत होते.

बाईंनी पिशवीतून शिशी काढून सरांच्या हाती दिली. "चैत्यभूमीच्या मागंच हाये, गुरुजी. कान देऊन आयकला. सुपावानीच वाजते."

सरांनी बूच काढलं. तळहातावर दोन थेंब घेतले, जिभेला लावले. डोळे भरून आले त्यांचे. माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, खरंच खारट आहे!"

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "तुमीच त सांगतलं होतं."