वाकडा कप

गल्लीत तिला सगळे मातीवाली म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर बाई. घराच्या मागच्या खोलीत तिचं चाक होतं, कोपऱ्यात विजेची भट्टी, आणि तिन्ही भिंतींना लाकडी फळ्या. फळ्यांवर भांडी वाळत असायची. सव्वीस वर्षं ती त्या खोलीत बसून ताटं, वाडगे, बरण्या करत होती. भांडी चांगली होती. वजनाला बेताची, तळ नीट घासलेला, झिलई कुठे ओघळलेली नाही. लोक घेत, वापरत, फुटली की पुन्हा घेत. पण तिचं भांडं हातात घेऊन कुणी क्षणभर थबकलंय, असं कधी झालं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला लागायचं. बोलून मात्र दाखवायची नाही.

नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्याला सगळे पेंटर म्हणत, आणि तीही दुसऱ्यांशी बोलताना 'आमचे पेंटर' असंच म्हणायची. त्याचं अक्षर पाहून लोक रस्त्यात उभे राहत. छापील पाट्या आल्या तसं काम निम्म्यावर आलं, तरी काही जुनी गिऱ्हाइकं त्याच्याच हातची पाटी हवी म्हणून अडून बसत. संध्याकाळी टर्पेंटाइनने हात पुसत तो मागच्या खोलीत यायचा, स्टूल ओढायचा आणि दाभणाने तिच्या ओल्या भांड्यांच्या तळाला खूण कोरून द्यायचा: एक अर्धवर्तुळ आणि आत तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

"भांडी तुझी, सही माझी," म्हणायचा. "उद्या कुणी तक्रार केली तर दोघं मिळून आत जाऊ."

"तुम्ही जा. मी डबा आणून देईन," ती म्हणायची.

असं चाललेलं होतं, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मोजे घालता घालता तो "अगं" म्हणाला आणि पुढचा शब्द आलाच नाही. तिने वळून पाहिलं तर एक मोजा हातात, आणि तोंड एका बाजूने उतरलेलं.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. दोन महिन्यांनी इस्पितळातून घरी आला तेव्हा चालायला भिंत लागायची, आणि शब्द एकेकटे, मधे बराच वेळ घेऊन यायचे. डावा हात तेवढा राहिला होता, त्यालाही कंप. ओठाची उजवी कड लोंबलेली, त्यामुळे पाणी, चहा, सूप, जे पाजाल ते निम्मं हनुवटीवरून खाली. गळ्यात टॉवेल बांधावा लागे. त्या टॉवेलची त्याला इतकी चीड, की कधी कधी दिवसभर तहान मारून बसायचा. तिची भरवायला ना नव्हती. त्याला भरवून घेणं नको होतं.

ती मग रोज त्याच्या समोर बसून बघायला लागली. हात कसा उचलतो, कुठे अडतो, कप कुठे कलतो. वहीत रेघोट्या काढायची. एक दिवस तिने मऊ मातीचा गोळा त्याच्या डाव्या हातात दिला.

"दाबा."

"का?"

"दाबा हो. जोर लावा."

त्याने दाबला. बोटं सोडवून तिने गोळा काढून घेतला तेव्हा त्याची सगळी पकड मातीत उमटलेली होती. अंगठ्याचा खोल खड्डा, करंगळीचा नुसता भास. त्या गोळ्यावरून तिने कप करायला घेतला. तळ रुंद, म्हणजे कलंडू नये. कमरेला बारीक, अंगठ्याला खळगा. काठ एका बाजूने आत दुमडलेला, म्हणजे चहा ओठाच्या शाबूत कोपऱ्याकडेच येईल. पहिला जड झाला. दुसऱ्यातून चहा नाकावर आला. चौथा त्याने स्वतःच नापास केला, "थू" एवढंच म्हणून. पाचवा भट्टीत तडकला. असे दहा गेले.

अकरावा कप त्याने टेबलावरून उचलला, तोंडाला लावला आणि सावकाश सगळा संपवला. हनुवटी कोरडी. त्याने रिकामा कप तिच्यापुढे धरला.

"अजून."

सात महिन्यांत त्याने पहिल्यांदा मागून घेतलं होतं. ती चहा आणायला म्हणून ओट्याकडे वळली आणि नळ मोठा सोडून रडली. त्या दिवशी टॉवेल खुंटीवर गेला.

इथपर्यंत तिचं काही चुकलं, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

हस्तकलेचं दुकान चालवणारी एक बाई दर दोन महिन्यांनी माल न्यायला यायची. तिने फळीवर तसले चार कप पाहिले. एक उचलला, अंगठा खळग्यात गेला, आणि ती थबकली. मातीवालीने ते पाहिलं.

"हे काय आहे?"

"ते घरचे आहेत."

"घरचे म्हणजे?"

तिने सांगितलं. दुकानवालीने कप दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "असे मला तीस द्या."

"देते," ती म्हणाली. मान डोलवून, लगेच. पेंटर शेजारच्याच खोलीत होता. दार उघडं होतं.

तीस गेले, मग साठ गेले. लोक त्याला वाकडा कप म्हणायला लागले. म्हाताऱ्यांसाठी नेत, आणि धडधाकट माणसंही नुसतं हातात बरं वाटतं म्हणून नेत. एका प्रदर्शनात तिला टेबल मिळालं, तेही दाराजवळचं. माणसं कप धरून उभी राहत आणि तिला विचारत, हे सुचलं कसं? ती सांगायची. दर वेळी सांगताना गोष्ट जरा जास्त घोटीव व्हायची. नळ मोठा सोडून रडल्याचंसुद्धा ती सांगायला लागली.

मग वर्तमानपत्रातली मुलगी आली, कॅमेरा घेऊन. चाक पाहिलं, भट्टी पाहिली, स्वयंपाकघरात आली. पेंटर चहा पीत बसला होता.

"यांचा एक फोटो घेऊ?"

"घ्या ना," मातीवाली म्हणाली.

कप त्याच्या तोंडाला होता. तो काही बोलूच शकत नव्हता.

रविवारच्या पुरवणीत पाव पान आलं. मथळा होता, 'आजारपणातून उमललेली कला'. फोटोत कप अर्धा आणि उतरलेला ओठ पूर्ण दिसत होता. तिने पेपर त्याच्यापुढे उलगडून ठेवला, खूश होऊन. त्याला वाचायला वेळ लागायचा. आधी त्याने मथळ्याच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, जन्मभराची सवय होती ती. मग फोटोवर बोट थांबलं.

"विकलंस," तो म्हणाला.

"अहो, कप विकले. त्यात काय?"

त्याने मान हलवली. शब्द शोधायला बराच वेळ लागला. ती थांबून राहिली.

"तोंड."

त्यानंतर त्याने त्या कपाला हात लावला नाही. स्टीलचा पेला मागितला. पेल्यातून निम्मं पाणी छातीवर, निम्मं पोटात. टॉवेल परत आला. तिने नवे कप करून पाहिले, सरळ दिसणारे, खळगा आतून ठेवलेले, ओळखू येणार नाहीत असे. तो अंगठ्यानेच ओळखायचा आणि बाजूला सारायचा. ती रागावली, विनवण्या केल्या, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा काय उपयोग? त्याच्याकडे शब्दच मोजके होते, त्याला तो जाणवलाही नसेल.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात शिक्षिका होती. पेपर तिच्या शाळेत कुणीतरी दाखवला. पुढच्या सुट्टीत ती आली ती घुश्शातच.

"आई, तू बाबांना विचारलं होतंस?"

"काय विचारायचं? त्यांच्यासाठीच केला ना कप?"

"केला त्यांच्यासाठी. विकायचं विचारलंस? फोटोचं?"

ती माती मळत होती. मळत राहिली.

"विचारलंस का, आई?"

"नाही विचारलं."

"मग बंद कर ते."

"दुकानात शब्द दिलाय मी," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण तेही नव्हतं, आणि दोघींनाही ते कळलं.

पेंटरने एकदा जोर लावला. ती भाजी आणायला गेली होती. फळीवर चाळीस वाकडे कप अर्धवट वाळून उलटे ठेवलेले होते. तळाला आता ती स्वतःच रबरी शिक्क्याने खूण उमटवायची. ती परत आली तेव्हा तो मागच्या खोलीत स्टुलावर बसलेला होता, घामाने निथळत, मांडीवर दाभण. भिंत धरून एवढ्या लांब तो एकटा कधी आला नव्हता. चाळीसही कपांच्या तळावर, तिच्या खुणेवरून आडवी रेघ ओढलेली होती. ज्या हाताने आयुष्यभर पट्टी न लावता सरळ रेघ मारली तो हात निकामी होता. या रेघा दुसऱ्या हाताच्या होत्या, थरथरत, वर-खाली गेलेल्या.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. त्याला धरून खाटेवर नेऊन बसवलं. मग ओला स्पंज घेतला आणि एकेक कप उचलून तळ पुसायला बसली. माती अजून ओलसर होती, रेघा सहज बुजल्या. दार उघडंच होतं. तिने मान वर केली तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. ती मधेच थांबू शकली असती. तिने चाळीस पुसले, चाळीसांवर नवा शिक्का मारला, आणि मग स्वयंपाकाला लागली.

थंडीच्या सुरुवातीला त्याला खोकला लागला. पाणी पिताना ठसका, ठसक्यानंतर धाप. मुलगी रजा टाकून आली. डॉक्टरने छाती तपासली आणि म्हणाला, पाणी फुप्फुसात उतरतंय.

"कशातून पितात हे?"

ती टॉवेलची घडी घालायला लागली. मुलगीच म्हणाली, "पेल्यातून."

"पेल्यातून नको होतं. यांच्यासारख्यांसाठी कप मिळतात आता, काठ वळवलेले. आमच्या दोघातिघा पेशंटांकडे आहेत."

इस्पितळात तो नऊ दिवस होता. नाकात नळी, त्यामुळे प्यायचा प्रश्नच उरला नाही. ती खाटेशेजारी बसून त्याचा डावा हात धरायची. तो हात सोडवून घ्यायचा नाही, पण दाबायचाही नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, माझं चुकलं." त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटले. ऐकू गेलं होतं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी, परिचारिका चादर बदलत असताना, तो गेला.

दुकानात ते पाव पान चौकटीत घालून कपांच्या वर टांगलेलं होतं. आठवड्याभराने ती तिथे गेली आणि ते उतरवून द्या म्हणाली.

"अहो, पण मग लोकांना कळणार कसं?" दुकानवाली म्हणाली.

"नाही कळलं तर नाही."

चौकट पिशवीत घालून ती घरी आली. मुलगी बाबांचे कपडे घडी करत होती. ब्रश तिने आधीच एका डब्यात भरून स्वतःच्या बॅगेत ठेवले होते. तिने चौकट पाहिली. जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे आता बंद करणार ना?"

"नाही."

"आई!"

"तो फोटो पुन्हा कुठे लागणार नाही. कुणाला गोष्ट सांगणार नाही. पण कप मी करणार."

"का पण?"

मातीवाली खाटेच्या कडेवर बसली. घडी घातलेला एक सदरा तिने मांडीवर घेतला आणि त्याची कॉलर सरळ करत राहिली.

"त्या कपाआधी मला काहीच नीट जमलं नव्हतं गं," ती म्हणाली.

मुलीने पुढचा सदरा ओढला. उरलेले कपडे तिने भराभर घडी करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी निघाली. आई थांब्यापर्यंत गेली, बॅगेचा एक बंद तिने धरला, एक मुलीने. दोघी बाकावर शेजारी बसल्या. बस यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्या दोनदा म्हणाल्या, की बसला उशीर होतोय.