मुक्या आगबोटीतून कल्याणास

ठाण्याचे बंदर दिसायच्या आधी मला तिथली आगबोट ऐकू आली. स्टेशनावरून मी पायी निघालो होतो आणि खाडी अजून अर्धा मैल लांब होती. तोच समोरून धाड्, धाड्, धाड् असा आवाज सुरू झाला. आवाज नुसता कानात शिरत नव्हता, तो छातीवर बसत होता. मी पुण्यात घड्याळे दुरुस्त करतो. दिवसभर कान लावून टिकटिक ऐकणे हाच माझा धंदा, त्यामुळे असा आवाज ऐकला की माझे पाय आपोआप भरभर चालू लागतात.

बंदरावर माझे मेहुणे, म्हणजे भाऊजी, उभे होते. गेल्या वर्षी रेल्वेच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या हाताने एक आगबोट बांधली होती. अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, पत्र आले होते: "यांची शर्यत आहे. तू ये. तुला आवाजातले कळते." मी लगेच निघालो होतो.

"ती का तुमची बोट?" मी त्या धडधडणाऱ्या आगबोटीकडे बोट दाखवून उत्साहाने विचारले.

भाऊजींचे तोंड उतरले. "ती गोविंदशेटांची. लोक तिला धडाकी म्हणतात. आपली ती पलीकडे. तिला मुकी म्हणतात."

मी पाहिले. पलीकडे एक लांबट, नीटस बोट धूर सोडत उभी होती. तिचे एंजिन चालू आहे हे मला कठड्यावर हात ठेवला तेव्हा कळले.

दुखणे काय ते भाऊजींनी मला धक्क्यावर बसून सांगितले. धडाकीला एकच मोठे नळकांडे. वाफ आत येते, दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून धाड्‌दिशी बाहेर पडते. त्या झोताने आगही फुलते, म्हणून ती सुटते बाणासारखी. मुकीला नळकांडी दोन, एक लहान आणि एक मोठे. वाफ आधी लहानात काम करते, मग उरल्या जोरावर मोठ्यात, आणि शेवटी खाडीच्या पाण्याने गार केलेल्या तांब्याच्या नळ्यांत जाऊन पुन्हा पाणी होते. तेच पाणी परत बॉयलरात. बाहेर काही फेकायचेच नाही, तर आवाज कसला येणार? लाकूड निम्मे लागते आणि गोडे पाणी जवळजवळ लागतच नाही.

"मग लोक हिच्यात का बसत नाहीत?"

"लोक म्हणतात, जी ओरडत नाही तिच्यात जोर नाही."

मला हसू आले आणि रागही आला. पण भाऊजींना हसू येण्यासारखे काही उरले नव्हते. ठाण्याच्या बंदराच्या पायऱ्या अरुंद, एका भरतीला कल्याणकडे जाणारी एकच आगबोट तिथे नीट भरता येते. म्हणून दोघांनी ठरवले होते की शर्यत लावायची. जी आधी कल्याणच्या बंदराच्या पायरीला लागेल, तिच्या डोलकाठीला तिथले पाटील नारळ बांधतील आणि ही वाट तिची. हरणाऱ्याने वाट सोडून खाली वसईच्या बाजूला जायचे.

रात्री अक्काने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी वाढली. आमच्या पुण्यास असली चव मिळत नाही, मी चार भाकऱ्या खाल्ल्या. भाऊजी हात धुवायला गेले तशी अक्का हळूच म्हणाली, "खरं सांग रे. तू ऐकलंस ना एंजिन? जिंकेल?"

"अक्का, इतकं चांगलं चालणारं यंत्र मी आजवर ऐकलं नाही," मी म्हणालो. ते खरे होते. जिंकेल की नाही हे मात्र मी बोललो नाही, आणि ते तिच्या लक्षात आले.

सकाळी भरती लागली तेव्हा धडाकी माणसांनी गच्च भरली होती. वाटेत थांबावे लागू नये म्हणून गोविंदशेटांनी गोड्या पाण्याची सहा पिंपेही चढवली होती. आमच्या बोटीत भाऊजी, आगवाला, मी आणि चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या पाच कोळिणी. त्यांची पुढारी हिराबाय. टोपलीत पहाटे पकडलेली कोळंबी अजून उड्या मारत होती.

"हिराबाय, तुम्ही का या मुक्या बोटीत?" मी विचारले.

"तिकडं बोललेलं आयकू येत नाय," ती म्हणाली. "आमी काय तोंड मिटून बसाया बाजारला जातंव?"

बंदुकीचा बार झाला आणि धडाकी सुटली! काय ती सुटली म्हणून सांगू! पहिल्या वीस धडाक्यांतच ती चार बोटींच्या लांबीइतकी आमच्यापुढे होती. धक्क्यावरची माणसे नाचू लागली. आमची मुकी आपली शहाण्या मुलीसारखी हळूहळू पावले टाकत निघाली. माझे हातपाय शिवशिवत होते, उतरून ढकलावे असे वाटत होते.

कळव्याच्या पुढे खाडी वळली. दोन्ही बाजूंना मीठागरे, त्यांत मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, मागे पारसिकचा काळा डोंगर. मुकीने आता वेग धरला होता. मी एंजिनाजवळ बसलो आणि मला तिची चाल सापडली: टिक्-टुक्, टिक्-टुक्, लहान नळकांडे आणि मोठे, एकापाठोपाठ एक. मी आनंदाने मांडीवर ताल धरला.

मुंब्र्याची देवी डोंगरावर दिसली, कोळिणींनी हात जोडले, आणि दिवा गाव जवळ येत असतानाच मला तिसरा आवाज ऐकू आला. टिक्-टुक्-टच्. अगदी बारीक.

"भाऊजी, थांबवा!"

"आता? वेडा झालास काय?"

"काहीतरी सुटतंय. मोठ्या नळकांड्याच्या खाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुढे लांब गेलेल्या धडाकीच्या धुराकडे पाहिले आणि वाफ बंद केली. खाली एका बोल्टाची चाकी शेवटच्या आट्यावर आली होती. आणखी चार मिनिटे चाललो असतो तर दट्ट्याचा दांडा तुटून तळातून बाहेर गेला असता. भाऊजींनी पान्याने चाकी आवळली, वर चरबी लावली. असे काही धडाकीत झाले असते तर तिथे कोणाला ऐकू आले असते? पण आम्ही थांबलो होतो, ती धावत होती, आणि तिचा आवाज आता खूप लांबून येत होता.

"गेली," आगवाला म्हणाला.

"नाय गेली," हिराबाय टोपलीवरून न उठता म्हणाली. "मोठ्यागावाच्या अल्याड तिवरांमंदी शेलकं हाय. भरतीला आमच्या होड्या तितनं जातान. तुजी बोट हलकी हाय ना?"

तिवरे म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारी झाडी, आणि शेलके म्हणजे तिच्यातून जाणारा पाण्याचा अरुंद फाटा. डोंबिवलीच्या मोठ्यागावाजवळ खाडीने मोठे वळण घेतले होते आणि हा फाटा ते वळण कापून जात होता. पाण्याच्या पिंपांनी जड झालेली धडाकी तिथे शिरूच शकत नव्हती.

आम्ही शिरलो. फांद्या दोन्ही कठड्यांना घासत होत्या, हिराबाय नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, उभी राहून हाताने उजवे-डावे दाखवत होती. हिरव्या झाडीपलीकडे काही दिसत नव्हते, पण धडाकी ऐकू येत होती. आधी तिचा आवाज पुढे होता. मग तो शेजारी आला, इतका जवळ की पाने हलत होती. आणि मग, हळूहळू, तो मागे पडला! मी उठून उभा राहिलो आणि ओरडणार होतो, तर भाऊजींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. धडाकीवाल्यांना आमचा पत्ताच नव्हता.

दुर्गाडीचा किल्ला दिसला. खाली कल्याणचे बंदर, लाकडाच्या राशी, उभ्या बैलगाड्या. आणि पायरीवर कोण? चिटपाखरू नाही!

कल्याणच्या बंदराची एक रीत आहे, ती भाऊजी विसरले होते. तिथे पाण्याकडे कोणी पाहत नाही. दुर्गाडीच्या वळणावरून धडाकीचा आवाज आला की हमाल उठतात, गाडीवान बैल जुंपतात, दोर धरणारा पायरीवर येतो. आवाज नाही म्हणजे बोट नाही. मुकी पायरीला लागली तेव्हा हमाल छपरात झोपले होते. कोळिणी रोजच्यासारख्या उतरून टोपल्या घेऊन वर गेल्या. दोर धरायला कोणी नाही म्हणून बोट प्रवाहाबरोबर सरकू लागली. मी दोर घेऊन शूरपणे उडी मारली आणि गुडघाभर चिखलात रुतलो. पुण्याहून आणलेला नवा जोडा तिथेच राहिला. आम्ही दोघा-तिघांनी ओढून बोट कशीबशी वीस हात पलीकडे बांधली, तोवर धाड् धाड् करत धडाकी वळणावर आली.

लगेच सारे बंदर जागे झाले. पाटील एका हातात नारळ घेऊन धावत आले आणि धडाकी पायरीला लागताच "पहिली!" म्हणून ओरडले.

भाऊजी चिखलातून तसेच वर गेले. "पाटील, आम्ही केव्हाच आलो आहोत."

पाटील चपापले. मग म्हणाले, "मी बघितली नाय. पंच म्हनून मी डोल्यांनी बगीन तेच खरं. तुजी बोट चिखलाला लागली हाय, पायरीला नाय."

"पाटलांचा शब्द," गोविंदशेट म्हणाले. त्यांनाही आम्हाला तिथे पाहून धक्का बसला होता, हे दिसत होते. पण शब्द तर शब्दच. भाऊजींनी मान खाली घातली. एक वर्ष, एक नोकरी, स्वतःच्या हाताने ठोकलेले तांबे, सगळे त्या खाली घातलेल्या मानेत होते. मला रडू यायला लागले.

तेवढ्यात गर्दीतून हिराबाय आली. टोपली निम्मी रिकामी.

"पाटील, तुमच्या दुसऱ्या हातान काय हाय?"

पाटलांच्या दुसऱ्या हातात पळसाच्या पानाचा पुडा होता. "कोलबी. तुज्याकडनंच घेतली की."

"कवा घेतलीव? धडाकी यायच्या आदी का मंग?"

"आदी. लय आदी."

"उलटून पालटून बगितलीव. अर्धी घटका भाव केलाव. ती ठान्याची कोलबी, अजून उरी मारतंय. ती काय पोहत आयली?" तिने पातळ वर करून पाय पुढे केला. "नि बगा, चिखल हाय का? मी पायरीवरनं वर चरले. चिखलात तो पुन्याचा भाऊ परला."

सगळे बंदर माझ्या पायांकडे पाहू लागले. पाटलांनी पुडा उघडला. एका कोळंबीने त्यांच्या अंगठ्यावर शेपूट आपटली.

"बगितली," ते शेवटी म्हणाले. "डोल्यांनी बगितली." आणि खाली चिखलात उतरून त्यांनी स्वतः मुकीच्या डोलकाठीला नारळ बांधला. गोविंदशेटांनी भाऊजींना मिठी मारली, ते मात्र मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते.

दुपारी ओहोटीबरोबर आम्ही परत निघालो. पाटलांनी बजावले होते, "त्या बोटीला मोठा भोंगा लाव, नायतर मना पुन्हा फजीत करशील." भाऊजी लगेच लावायला तयार झाले, पण हिराबाय म्हणाली, "भोंगा कशाला? कल्यानला आयली का मी वरडीन."

मीठागरांवर ऊन कलले होते. मी एंजिनाजवळ बसून तीच टिक्-टुक् ऐकत होतो आणि मनात आले, इतकी वर्षे मी ऐकण्यालाच शहाणपण समजत आलो. ज्याचा आवाज येतो ते चालते, ज्याचा येत नाही ते बंद, अशीच माझीही समजूत. कल्याणकरांना हसायचा मला काय अधिकार?

ठाण्याचे बंदर आले. धक्क्यावर नेहमीची वर्दळ, सगळ्यांच्या पाठी खाडीकडे, कोणाला आमची चाहूल नाही. फक्त एकजण अगदी शेवटच्या पायरीवर, कपाळावर हात धरून, पाण्याकडे टक लावून उभी होती. वर्षभर अक्काला नवऱ्याची बोट ऐकू येण्याची सोय नव्हती, म्हणून ती रोज अशीच पाहत उभी राहत असणार. डोलकाठीवरचा नारळ तिला आमच्या चेहऱ्यांच्या आधी दिसला. मग ती तिथेच पायरीवर खाली बसली आणि दोर धरायला तिने दोन्ही हात पुढे केले.