सिंगल फेजची लेथ

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची रीता लेथ मशीन घ्यायला अकोल्याला गेली, ती डोक्यात राग घेऊनच. घरी कामासाठी लेथ नेणारं गिऱ्हाईक काय बघतं, हे दुकानदाराला तोंडपाठ: दारातून आत जाईल का, लोखंड पकडणारा चक डगमगत नाही ना, आटे नीट पडतात ना, सुटे भाग मिळतील ना. रीतानं तेही बघितलंच. सोबत नेलेला लोखंडी गज लावून मशीन चालवून दाखवायला लावली. पण तिचा पहिला सवाल वेगळा होता.

"सिंगल फेजवर चालते?"

"चालते, पण ताई, थ्री फेजची घ्या. दमदार असते."

"नको. मले सिंगल फेजचीच पाह्यजे."

काहून? ऐका तर.

रीता आयटीआयमध्ये लेथकाम शिकलेली टर्नर. तांड्याजवळच, पोहरादेवीच्या रस्त्यावर असलेल्या रतनसिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. गेल्या वर्षी पोहरादेवीच्या जत्रेआधी देवमन रसवंतीवाल्याच्या मशीनचा शाफ्ट तिथं आला. लेथवर उभा होता स्वतः रतनसिंग, कानाला फोन लावून. बेअरिंगच्या जागी त्यानं शाफ्टवरचं लोखंड नको तेवढं छिलून काढलं. बेअरिंग बसलं ते ढिलं. देवमन शाफ्ट न्यायला आला, तर या भल्या माणसानं पापणीही न हलवता सांगितलं, "पोरीनं बिघडवला. बाईच्या हाती मशीन देली, माही चूक." शाफ्ट भंगारात गेला आणि रीता घरी. देवमनची अख्खी जत्रा बुडाली. त्यानं तांड्या-तांड्यांत तिचं नाव खराब केलं. मग काय! कोणी तिला साधा बोल्ट करायला देईना. शिकलेली टर्नर आईसोबत ऊस तोडायला गेली.

पण निघताना तिनं तो शाफ्ट भंगारातून उचलून आणला होता. खाटेखाली ठेवला. झाडताना झाडू त्याला लागला, की तिचं रक्त उसळायचं.

तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जत्रेत लोड वाढला, की विजेच्या डीपीवरचा एखादा फेज उडतो. घरातले पंखे फिरत राहतात, पण रतनसिंगची थ्री फेजची मोठी लेथ मुकी होते. म्हणून सिंगल फेज! मशीन घरात बसवली आणि रीता वाट बघत बसली. काम येईना.

"मशीन काय पूजेले आणली वं?" आई वैतागली.

"जत्रा येऊ दे, याडी."

जत्रा आली. फेज उडाला. आणि त्याच दुपारी देवमनच्या रसवंतीच्या गियरचा छोटा शाफ्ट तुटला. गाड्यांनी रस्ते तुंबलेले, मानोऱ्यातल्या दुसऱ्या वर्कशॉपला जायची सोय नाही. देवमन रीताच्या दारात आला, पण एकटा नाही. तिच्या कामावर भरवसा नव्हता ना! रतनसिंगला घेऊन आला.

"मशीन तेवढी वापरू दे. काम मी करतो," रतनसिंग म्हणाला.

"हात लावाचा नाही मशीनले." रीतानं खाटेखालून जुना शाफ्ट ओढला. "ह्याच्यातून तुमचा छोटा शाफ्ट निघते, देवमनभाऊ. दुसरं एवढं जाड लोखंड माह्याजवळ नाही. पण आधी हा कोणी बिघडवला, ते ह्यायले सांगू द्या."

"झालं गेलं, रीते. आता कायले उकरून राह्यली?" रतनसिंग कुरकुरला.

"मंग न्या तुमच्या लेथवर."

दारात शेजारपाजार जमला होता. देवमन खेकसला, "सांग नं बे! धंदा बुडून राह्यला माहा!"

रतनसिंग जमिनीकडं बघत पुटपुटला, "माह्या हातानं."

"मोठ्यानं. मांगं कमलीबाईले ऐकू नाही आलं."

"माह्या हातानं बिघडला! फोनवर होतो मी!"

रीतानं त्याच्या हातात लोखंड कापायची करवत दिली. "कापा."

तो कापत बसला. घामाची धार लागली. रीता स्टुलावर बसून बघत होती आणि तिला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं. मग ती उठली, तुकडा चकमध्ये धरला आणि शाफ्ट करून दिला. गियर त्यावर घट्ट बसला.

"चुकलो, ताई," देवमन म्हणाला.

"जेथं नाव खराब केलं, तेथं जाऊन सांगा."

देवमन मान हलवून पळाला. रतनसिंग दारात थबकला. "झालं समाधान?"

"नाही." बिघडलेल्या बाजूचा उरलेला तुकडा तिनं त्याच्या हातात कोंबला. "हा दुकानात समोर ठेवा, गिऱ्हाइकाले दिसन असा. मी पाह्यले येईन."

आता रीताकडं कामाला तोटा नाही. तरी बाजाराच्या दिवशी ती वाट वाकडी करून रतनसिंगच्या दुकानावरून जाते आणि आत डोकावते. तुकडा जागेवर असतो.