शेवटची कासारीण विकायची नाही

परवा बाजाराचा दिवस होता. धारूरच्या आमच्या बांगड्यांच्या दुकानात बायकांची ही गर्दी... आणि त्यातच पुण्याच्या एका गृहस्थांचा मेसेज. शेवटचा पीस मला द्या ताई, भाव तुम्ही म्हणाल तो.

मी दिला नाही. ते रागावलेत. कावून दिला नाही ते एकदाच सगळ्यांना सांगते, म्हणजे रोज रोज विचारायला नको. चौथी शिकलेली बाई आहे मी, फोनमध्ये बोलून लिहिते. चुका दिसल्या तर गप वाचा.

माझी लेक शीतल बेंगळुरूला नोकरी करते आणि उरल्या वेळात चित्रं काढते. तिनं आपल्या आठवडी बाजारातल्या माणसांच्या बोटभर उंचीच्या बाहुल्या बनवून घेतल्या. शेळ्या विकणारा, सरबताची गाडी, भविष्य सांगणारा पिंगळा, बांगड्या भरणारी कासारीण... बाहुल्या म्हणलं की तिला राग येतो. फिगर म्हण, म्हणते.

पैसे उभे केले क्राउडफंडिंगनं. म्हणजे आधी नेटवर लोकांकडून पैसे घ्यायचे आणि वस्तू मागून द्यायची. मी असं केलं असतं तर बायकांनी दुकानात येऊन झिंज्या उपटल्या असत्या. पण लोकांनी दिले, आणि हिनंही सगळ्यांना माल पोचवला.

कारखानेवाला कमी माल काढायला तयार नव्हता, म्हणून लई उरल्या. तिची खोली एवढीशी, ठेवणार कुठं? सगळी खोकी माझ्याकडं पाठवली. आई तूच विक, तुला विकायला येतं.

येतं म्हणजे काय... पहिल्या आठवड्यात अर्धी फळी रिकामी केली मी. बांगड्या भरायला आलेल्या बाईच्या लेकराच्या हातात एक बाहुली द्यायची, मग ते लेकरू सोडतंय व्हय?

वर आमच्या धंद्याची रीत. बांगड्या भरून झाल्या की एक वरची घालायची, ती फुकट. तसंच मी दोन बाहुल्या घेणारीला एक वरची दिली. दिंद्रुडच्या एका बाईला पिंगळा गेला. तो म्हणे सगळ्यात दुर्मिळ होता... आता तिच्या टीव्हीपाशी उभा असेल.

शीतलनं कपाळ बडवून घेतलं. "आई, ही बांगडी नाही. कलेक्टिबल आहे, लोक जमवून ठेवतात. भाव पाडू नकोस आणि वरची तर देऊच नकोस."

हे सगळं ती फोनवर सांगायची, रोज संध्याकाळी. पहिलं पंधरा दिवसाला एक फोन यायचा, तोही जेवलीस का, बरं ठेवते, एवढाच. आता रोज... आज कोण आलं, काय म्हणलं, कुठली गेली. भांडायची, हसायची. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी दिवेलागणीला फोन मांडीवर घेऊन बसायला लागले.

मग एक दिवस फळी पुसताना बघितलं, तर खोकी थोडीच राहिलेली. बाहुल्या संपल्या की फोनबी संपला...

म्हणून मी भाव चढवला. कुणी घेऊच नये असा. शीतल खूष, म्हणाली आता कळलं तुला कलेक्टिबल म्हणजे काय. मला काय कळलं होतं ते माझं मला माहीत.

पण जगच उलटं. शीतलनं नेटवर माझा नंबर टाकलेला, भाव जेवढा चढवला तेवढी माणसं मागं लागली. बांगडी थोडी महाग सांगितली तर बाई पायरी उतरून जाते, आणि ही शिकलेली माणसं महाग आहे म्हणून घ्यायला धावतात.

शेवटी एकच राहिली. कासारीण. मांडी घालून बसलीय आणि समोरच्या पोरीचा हात हातात धरलाय. माझ्यावरूनच काढलीय लेकीनं, पदरसुद्धा तसाच खोचलेला. समोरची पोर कोण ते शीतल कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

परवा संध्याकाळी तिला पुणेवाल्यांचं सांगितलं. म्हणाली, "देऊन टाक आई. एकदाची मोकळी हो."

मी म्हणलं, "देते. मग उद्यापासून फोन कावून करशील?"

तिकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. असलं बोलायची सवय नाही मला, माझी मलाच लाज वाटली.

मग हळूच म्हणाली, "आई, माझ्यासाठी निळ्या बांगड्या काढून ठेव. माझं माप लक्षात आहे ना?"

"ते जुनं झालं. माप फोनवर घेता येत न्हाई बाई. हात लागतो."

बरं म्हणाली, आणि फोन ठेवला.

सकाळपासून मी गावाचे हात हातात घेते. घट्टे पडलेले, मेंदीचे, म्हातारीचे थरथरणारे... जरा दाबला की माप कळतं, विचारावं लागत नाही. पण शीतलचा हात भरलाय का वाळलाय, मला सांगता येणार नाही. दोन दिवाळ्या गेल्या.

तर पुण्याचे भाऊ, राग मानू नका. कासारीण आरशाशेजारी ठेवलीय, ती विकायची नाही.

काल दिवेलागणीला फोन वाजला. विकायला काही नव्हतं, भाव ठरवायचा नव्हता, तरी वाजला. लई वेळ बोलली. कधी येते ते बोलली नाही, मीही रेटलं नाही.

बाहुल्या घेतलेल्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. तुमच्यामुळं एवढे दिवस माझ्या लेकीचा आवाज रोज घरात होता.

निळ्या बांगड्या तीन मापांच्या काढून ठेवल्यात... कुठलं तरी एक बसेल.