बिनखिळ्याची खोली

खोली दाखवताना येसूबाईने पाणी कधी येतं ते सांगितलं नाही, संडास कुठे ते सांगितलं नाही. पहिलं बोट भिंतीकडे केलं.

"एक खिळा मारायचा नाय. आधीच्या भाडेकऱ्याने कॅलेंडरासाठी मारला, तर परातीएवढा गिलावा खाली आला. माझ्या भिंतीला हात लावलेला चालणार नाय."

मंजुळेने मान हलवली. शिरगावच्या मांगेलआळीतली, मासेमाऱ्यांची ती पोर. लग्नाची हळदसुद्धा पुरती उतरली नव्हती. नवरा पुंडलिक तारापूरच्या वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात लागलेला, म्हणून बोईसरला बिऱ्हाड करायचं ठरलं. येसूबाईने कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला आपल्या भातशेतीत चाळ उठवली होती. एका ओळीत खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पत्र्याखाली आरपार गेलेलं लाकडी आढं. येसूबाईची पाठ वळल्यावर मंजुळेने भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट! खाडीची रेती वापरली होती बाईने. अशा भिंतीत खिळा कसला टिकतो? पण नवीन माणसाने कशाला बोलावं?

बापाने लग्नात डहाणूच्या महालक्ष्मीची तसबीर दिली होती. खोलीत ना कोनाडा ना फळी. ट्रंकेवर चादरी, चादरींवर भांडी. तसबीर ठेवली जमिनीवर, भिंतीला टेकवून. एका सकाळी पाळीला जायच्या गडबडीत उठताना पुंडलिकचा पाय तसबिरीला लागला. त्याने चटकन हात लावून कपाळाला लावला. तो गेल्या गेल्या ती येसूबाईच्या दारात उभी राहिली.

"काकी, एकच खिळा. देवीपुरता. कोपऱ्यात मारते."

येसूबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "देवी तुझ्या आयकडे नेऊन ठेव. ती खोली हाय बाय, घर नव्हं. भाड्याच्या खोलीत कोण घर मांडतं?"

मंजुळा परत आली. 'घर नव्हं' हे शब्द माशाच्या काट्यासारखे घशात बसले होते. गिळता येईनात, काढता येईनात. ती चटईवर उताणी पडली आणि पत्र्याकडे बघत राहिली. आढ्याकडे बघता बघता उठून बसली. काकी भिंतीचं बोलली होती. आढ्याचं काहीच बोलली नव्हती.

मांगेलआळीत तिचं माहेरचं घर कारवीच्या कुडाचं. त्या घरात मांजरांना पुरून उरेल असं एकच ठिकाण, ते म्हणजे शिंकं. दूध शिंक्यात, सुक्या बोंबलांची टोपली शिंक्यात, बापाची तंबाखूसुद्धा शिंक्यात. खिळा कोणाला आठवत होता तिथे? पुढच्या रविवारी ती शिरगावला गेली आणि बापापुढे जाऊन बसली.

"बा, फाटकं जालं असंल तर दे."

तिचा बाप नामदेव किनाऱ्यावर जाळं सांधत होता. "फाटकं? काय करतंस?"

"घर बांधते."

म्हातारा इतका हसला, की शेजारच्या होडीवरची माणसं बघायला लागली. "आयकलं का रं? माझी पोर जाल्याचं घर बांधते! पावसात काय करशील, पोहशील?" पण हसता हसता त्याने जुनं जाळं काढलं, वर मूठभर शिशाचे गोळे दिले आणि कानावर खोचलेली बांबूची सुई तिच्या हातात ठेवली. "गाठ विसरली नाय ना? ओढलं तर घट्ट बसली पायजे, आन सोडायची झाली तर एका हिसक्यात सुटली पायजे. दर्यात कोयता शोधायला टाईम नसतो."

जाळं सोड्याच्या पाण्यात उकळून काढलं, उन्हात वाळवलं, तरी वास थोडा राहिलाच. कारखान्यामागे कापडाच्या कडेच्या कातरलेल्या पट्ट्यांचे ढीग टाकून देत. तांबड्या, पिवळ्या, मोरपंखी, कुठे दोन रंग एकमेकांत उतरलेल्या. पुंडलिक त्या पोत्यात भरून सायकलवरून आणायला लागला. यंत्रांची खोकी फुटली की त्यांच्या फळ्याही आणायचा. पाळीवरचे लोक विचारत, "काय रे, भंगाराचा धंदा काढला?" तो म्हणे, "बायकोला विचारा. मी नुसता हमाल."

पहिली फळी देवीची. कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या, तापवलेल्या सळईने चार कोपऱ्यांना भोकं पाडली, दोर ओवले आणि शिंक्यासारखी ती फळी आढ्याला टांगली. वर तसबीर, पुढे समई. फळी हलायची, म्हणून दिवा लावताना एका हाताने फळी धरायची आणि दुसऱ्याने वात पेटवायची. मग हळूच हात सोडायचा. ज्योत जराशी डोले आणि स्थिर होई. तेवढा वेळ मंजुळा श्वास धरून असायची. तोच तिचा नमस्कार.

देवी वर गेली आणि मग मंजुळेचा हात थांबेना. भिंतीच्या कडेने आढ्यावरून जाळं सोडलं, खाली शिशाचे गोळे बांधले, म्हणजे वाऱ्याने उडू नये. जाळ्याच्या घरांतून पट्ट्या विणत गेली. खाली मोरपंखी लाटा, मध्ये तांबड्या शिडाची होडी, वर पिवळ्या पट्ट्यांचं ऊन. कुठे पट्टी दुहेरी विणून खिसा केला. त्यात ताटं, आरसा, पुंडलिकची दाढीची पेटी. उरलेल्या चिंध्यांची वेणी घालून ती गोल शिवली, तिचं बसकर झालं. सगळे दोर आढ्यावरून फिरून दाराच्या चौकटीजवळच्या खिडकीच्या लोखंडी गजाशी येत आणि तिथे बापाची गाठ. होडीवर असतं तसंच. भिंतीला कशाचाही स्पर्श नाही. मध्ये हात जाईल एवढी फट.

शेजारची उत्तरेकडची भाभी दारातच थबकली. "अरे मंजुला, ये तो जहाज बना दिया! टिकट लगेगा क्या?"

"लगेगा ना. एक कप चहा," मंजुळा म्हणाली.

चाळीतल्या बायका पाण्याची कळशी कमरेवर घेऊनच आत डोकावून जायला लागल्या. येसूबाईला हे कळायचं राहिलं नाही. ती आली, नाकाला पदर लावून.

"म्हावऱ्याचा वास मारते गं खोली."

"तुमी रांधता तवा नाय येत का वास, काकी?"

"ते ताटातलं. हे भिंतीवरचं."

"भिंतीवर नाय. मध्ये हात घालून बघा."

येसूबाईने खरंच हात घातला. मग देवीकडे वळली. "आन ही देवी अशी झोक्यावर? लाज नाय वाटत देव हलवायला?"

"आमचा देव होडीत असतो, काकी," मंजुळा म्हणाली. "त्याला हलायची सवय हाय."

दारात उभ्या भाभीला मराठी पुरतं कळत नव्हतं, तरी ती फिदीफिदी हसली. येसूबाई तरातरा निघून गेली. त्यानंतर चाळीच्या अटी वाढत गेल्या. दारात रांगोळीला गेरू लावायचा नाही, ओट्यावर तुळस ठेवायची नाही. मंजुळेने तुळसही टांगली. डालड्याचा डबा, त्याला चिंध्यांची वेणी, दाराच्या वरच्या वाशाला. सकाळी तिला पाणी घालायला स्टुलावर चढायची आणि स्टुलावरूनच येसूबाईला म्हणायची, "काकी, ओट्यावर नाय हां."

अशी काही वर्षं गेली. मुलगी झाली, तिचा पाळणाही त्याच आढ्याला लागला.

येसूबाईच्या मुलाचं, महादूचं लग्न जुळायला लागलं, तेव्हाची गोष्ट. कोळगावची मंडळी घर बघायला येणार होती. येसूबाईचं स्वतःचं घर भाताच्या कणग्यांनी आणि कोंबड्यांनी भरलेलं. सकाळीच ती आली आणि कधी नव्हे ते गोड बोलली. "मंजुळे, पाव्हणे येतील, तुझं दार उघडं ठेव हां."

मंजुळेला वाटलं, कौतुकानेच दाखवायचं असेल. तिने बसकर झटकलं, समई घासली. पाहुणे आले तेव्हा ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. येसूबाई दारात उभी राहून सांगत होती, "ही नवरानवरीची खोली. सगळं आमीच हौसेने करून घेतलंय. महादूला आवड भारी." नवरीच्या आईने चुलीकडे बघितलं तशी म्हणाली, "ही व्हय? ही खोलीची देखभाल करते."

मंजुळेच्या हातातली भाकरी तशीच राहिली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी आत आली. चंद्रकांता तिचं नाव. विशीचीही नसेल. तिने तांबड्या शिडावर हात फिरवला आणि तिचा चेहरा असा उजळला, की मंजुळेने शब्द गिळले. लग्न मोडल्याचं पाप आपल्या तोंडून नको. चंद्रकांता मात्र गाठीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "ही गाठ कोण मारतं?"

मंजुळेने पिठाचा हात वर केला. मुलगी त्या हाताकडे बघत राहिली.

लग्न ठरलं. हळदीच्या आधी खोली रिकामी करा, असा निरोप घेऊन येसूबाई स्वतः आली. आणि वर म्हणाली, "तुमची भांडीकुंडी न्या. बाकीचं राहू दे. खोलीला लागलेलं ते खोलीचं."

"खोलीला काय लागलंय ते दाखवा मला, काकी."

"मी काय सांगते ते कळत नाय तुला? पाव्हण्यांनी बघितलंय सगळं. आता उघडी भिंत दाखवू त्यांना?"

"भिंत तुमची हाय. उघडी दाखवा, नायतर झाकून दाखवा."

येसूबाईने मग पुंडलिकला गाठलं. त्याच्या खात्याचा सुपरवायझर तिचा भाचा लागत होता. पुंडलिक घरी आला तो खाली मान घालून. "देऊन टाक ना. चिंध्या तर हायत. पुन्हा करशील तू. भाचा रात्रपाळीवर टाकीन म्हणतो कायमची."

"चिंध्या हायत तर तिला कशाला हव्यात?" मंजुळा म्हणाली. मुलगी पाळण्यात होती, तिला झोका देता देता ती बोलत होती. "तिने मला सांगितलं, ही खोली हाय, घर नव्हं. बरोबर बोलली ती. घर मी वर टांगलंय. खोली तिची तिला ठेवते, घर माझं मी नेते. आन माझ्यासमोर मला मोलकरीण केली ते? ते बी तिला देऊन जाऊ?"

"मोलकरीण कोण म्हणालं?"

तिने हे त्याला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. पुंडलिकने रंगाने निळी झालेली नखं खरवडली. मग म्हणाला, "रात्रपाळी तर रात्रपाळी. दिवसा झोपायला झुलता बिछाना करून दे म्हणजे झालं."

जायच्या दिवशी पास्थळच्या बाजूला नवीन खोलीवर सामान न्यायला टेम्पो आला. भांडी गेली, ट्रंक गेली, पाळणा गेला. चाळ ओट्यावर जमलेली. येसूबाई दारात हात आडवा लावून उभी. "बघते कशी नेते ते. सोडवता सोडवता दिवस जाईल तुझा. तुटेल सगळं, आन माझी भिंत पण पाडशील."

मंजुळेने आधी देवीची तसबीर उतरवली, पदरात गुंडाळली आणि भाभीच्या हाती दिली. फळीला हात लावून नमस्कार केला. मग गजाशी गेली, दोराचं टोक धरलं आणि एक हिसका दिला.

वरून शीड उतरावं तसं सगळं खाली आलं. ऊन, होडी, लाटा, शिसं सरसर जमिनीवर पसरलं. तिने आणि पुंडलिकने दोन टोकांना धरून ते चटईसारखं गुंडाळलं. टेम्पोवाल्याची बिडीसुद्धा संपली नव्हती.

खोली उघडी झाली. राखाडी, ओल आलेली, बोडकी.

"बघा, काकी," मंजुळा म्हणाली. "सगळी भिंत चाचपून बघा. एक भोक सापडलं तर सगळं इथेच ठेवून जाते."

आणि येसूबाईने खरंच चाचपलं! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तळवा फिरवला. गिलाव्याची खारट पूड तिच्या हाताला लागत गेली, भोक काही लागलं नाही. शेवटी ती म्हणाली, आवाज उतरवून, "निदान ती होडी तरी ठेव गं. सुनेला काय सांगू मी?"

"खरं सांगा. आन तिला शिकायचं असंल तर पाठवा माझ्याकडे. शिकवीन. बांधलेलं नाय देणार."

टेम्पो सुटला. पुंडलिकला रात्रपाळी लागली ती लागलीच, बरीच वर्षं. त्याला झुलता बिछाना मिळाला. आणि गणपती झाल्यावर एक दिवस चंद्रकांता पास्थळला आली, बाजाराची पिशवी घेऊन. पिशवीत भाजी नव्हती, कापडाच्या पट्ट्या होत्या. "सासूबाईंना ठाऊक हाय?" मंजुळेने विचारलं. "त्यांनीच गोळा केल्यात," ती म्हणाली. मंजुळा उठली आणि बांबूची सुई घेऊन आली.

पुढे, नव्वद सालानंतर, पालघरहून शिरगावला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी आपलं घर बांधलं. दोनच खोल्या, पण रेती नदीची. ती मंजुळेने ट्रकमधून उतरवायच्या आधी जिभेला लावून बघितली होती. वास्तुशांतीच्या सकाळी भटजी पाटावर बसले, पुण्याहवाचन सुरू व्हायचं होतं, आणि बाई हातोडा घेऊन उभी राहिली.

"अहो वहिनी, हे काय? मुहूर्त टळेल," भटजी म्हणाले.

"टळू दे. तुमी सुरू करा."

नामदेवाची जुनी होडी मोडली तेव्हा तिने त्यातला एक खिळा मागून ठेवला होता. वीतभर लांब, जाडजूड, गंजाने तांबडा झालेला. समोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्यावर तिने तो टेकवला आणि ठोकला. मंत्राच्या आवाजावर ठोक, ठोक असे घाव पडत राहिले. पुंडलिक हसायला लागला. गिलाव्याचा कपचा उडाला नाही.

देवी त्या घरातही टांगलेल्या फळीवरच आहे. एक हात फळीला, एक हात वातीला, दिवा अजून तसाच लागतो. खिळ्याला काहीच टांगलेलं नाही. नवीन माणूस आलं की विचारतं, एवढा मोठा खिळा, आणि त्याला कॅलेंडरसुद्धा नाही?

मंजुळा चहाचा कप पुढे करते.

"असू दे तसाच," ती म्हणते. "माझी भिंत हाय."