समोरची पार्टी

अण्णा घाडींनी मला फसवलं. दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्या लालबागच्या घरी जाऊन समोर खुर्ची टाकून बसलो, घसा सुकेपर्यंत बोललो, आणि त्या सगळ्या वेळात मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. मी जुन्या लाकडाच्या धंद्यात मुरलेला माणूस आहे, पापणी हलली की समोरच्याच्या मनातला भाव ओळखतो. पण या माणसाने मला गुंडाळलं, आणि तेही त्यानेच मला शिकवलेल्या युक्तीने.

अण्णांची कॉटन ग्रीनला वखार होती. पाडायला काढलेल्या चाळींचं लाकूड घ्यायचं, तुळया, चौकटी, दारं, खिडक्या, आणि साफ करून विकायचं. मी परळच्या चाळीतला, गिरणी बंद पडलेल्या बापाचा मुलगा. तिथे माल उचलायला लागलो तेव्हा मला साग आणि जांभूळ यातला फरक कळत नव्हता. तो त्यांनी शिकवला. लाकडावर बोटाचं पेर वाजवायचं, नखाने खरवडायचं, वास घ्यायचा. हे पुढेमागे कुणालाही जमतं. अण्णांचं खरं शिक्षण तोंड बंद ठेवण्याचं होतं.

"जो आधी बोललो, तो गेलो," ते म्हणायचे. सगळा जन्म मुंबईत गेला, पण मालवणी सुटली नाही. "तोंड म्हणजे वखारीचा दार. उघडा ठेवलंस की माल भायर गेलो."

कुणी विचारलं, अण्णा, काय देणार? तर अण्णा म्हणणार, "तुमी काय म्हणतास?" समोरचा काहीतरी आकडा टाकणार. मग अण्णा तळहात गुडघ्यावर घासत बसणार, दाढ दुखल्यासारखं कण्हणार आणि खिडकीबाहेर बघणार. एवढंच. समोरच्याला ती शांतता सहन व्हायची नाही, तो आपणच खाली यायचा. अण्णांनी स्वतःच्या तोंडाने आकडा न उच्चारता आख्खी चाळ विकत घेतलेली मी पाहिली आहे.

आता माझी तक्रार ऐका. गिरगावातली एक वाडी पाडायची होती. अण्णांना ताप होता म्हणून मला पुढे पाठवलं. सगळ्या दारांना हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. मी एका दाराच्या खालच्या कडेला नखाने खरवडलं आणि गार पडलो. आत अस्सल बर्मा साग. मालकाचा माणूस म्हणाला, किडलेल्या खिडक्याही घ्याव्या लागतील. मी त्याला अर्धा दिवस घासला आणि शब्द देऊन सौदा ठरवला. माझ्या आयुष्यातला पहिला सौदा. दुसऱ्या दिवशी अण्णा आले, लांबूनच हिरवा रंग बघितला, किडलेल्या खिडक्या बघितल्या, आणि वाडीतल्या सगळ्या लोकांसमोर म्हणाले, "ह्यो माझो हमाल. हेच्या बोलण्याक काय धरू नकात." आणि पाठ फिरवून चालायला लागले. दाराला हातसुद्धा लावला नाही. कारण ते एका हमालाने शोधलं होतं.

मी त्याच दिवशी त्यांची वखार सोडली. मेव्हण्याला पार्टनर घेतला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तो सगळा माल, किडलेल्या खिडक्यांसकट, आम्ही उचलला. त्या दारांवर माझी वखार उभी राहिली, अण्णांच्या वखारीच्या बरोबर समोर. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांकडे न बघता शटर उघडत होतो. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी म्हणायला हवं होतं, विलास, सौदा बरोबर होता. बाकी काही नको.

त्यांनी वखार बंद केली, त्यांची चाळही पडली आणि तिथल्याच टॉवरमध्ये त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालं. एक दिवस त्यांच्या मुलीचा, नलूचा फोन आला. "विलासदादा, अण्णा घरात बसून कंटाळतात. झालं गेलं सोडा. या ना एकदा." मी म्हटलं, सोडणार नाही, पण येतो.

गेलो. अण्णा खिडकीशी बसले होते. मला बघून हात जोडले आणि म्हणाले, "येवा शेट, बसा."

शेट! मला हमाल म्हणणारा माणूस मला शेट म्हणाला. तुम्हाला काय सांगू, मी लिफ्टमधून उतरताना आरशात स्वतःकडे बघत होतो.

मग दर रविवारी जायला लागलो. अण्णा तसेच तल्लख. मी म्हणायचो, सागाचे भाव बघितले का? ते म्हणायचे, "तुमी काय म्हणतास?" मी सांगायचो. ते कण्हायचे. मी म्हणायचो, भायखळ्याचा तो पारशी बंगला आठवतो? ते म्हणायचे, "तुमका आठावता मां? मग सांगा बघूया." मी सांगायचो, ते बरोबर जागी हसायचे. नलू विचारायची, अण्णा, गोळी घेतली का? "तुका काय वाटता?" ती म्हणायची, नसणार. "मग दी." सोसायटीच्या मीटिंगमध्ये अण्णा नुसते बसून आले तर सेक्रेटरी नलूला म्हणाला, तुमच्या वडिलांइतका समतोल माणूस बिल्डिंगमध्ये दुसरा नाही.

एका रविवारी मी मुद्द्याला हात घातला. म्हटलं, अण्णा, गिरगावची ती हिरवी दारं. ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमचा काय म्हणणा?" मी म्हटलं, माझं म्हणणं एकच, सौदा बरोबर होता. त्यांनी तळहात गुडघ्यावर घासला. कण्हले. खिडकीबाहेर बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "तुमचा बरोबर. माझा चुकला."

उठलो, पाया पडलो, आणि घरी जाताना पेढे घेतले. बायको म्हणाली, "कसले पेढे?" मी म्हटलं, केस जिंकलो. ती म्हणाली, "कुठली केस?" तिला सगळी गोष्ट पाठ होती, मुद्दाम विचारत होती.

नंतर अण्णा एकदा खाली दूध आणायला गेले आणि टॉवरच्या जागी आपली जुनी चाळ शोधत गल्लीत फिरत राहिले. वॉचमनने घरी आणलं. नलूने परळच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. मी तिला म्हटलं, उगाच खर्च. तुझा बाप आपल्या दोघांना विकून खाईल.

डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "आजोबा, आता कुठलं साल चालू आहे?"

"तुमच्या हिशोबान खयचा?" अण्णा म्हणाले.

मला हसू फुटलं. डॉक्टर हसल्या नाहीत. "आपण आत्ता कुठे बसलो आहोत?"

"स्वतःच्या ऑफिसात बसलास, आणि माकाच इचारतास?"

मी नलूला कोपराने ढोसलं. बघ, म्हटलं, धार बघ. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोण आहेत?"

"तेंकाच इचारा. सांगतले ते."

मी सांगायला तोंड उघडलंच होतं. डॉक्टरांनी हात वर केला. "तुम्ही बोलायचं नाही. कुणीच बोलायचं नाही."

आणि कुणी बोललं नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांनी गुडघा घासला. कण्हले. खिडकी शोधली, त्या खोलीला खिडकी नव्हती. समोरून आकडा येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ती शांतता त्यांच्यावर उलटली होती. कपाळावर घाम आला. शेवटी अगदी अदबीने ते म्हणाले, "समोरची पार्टी."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी नलूला डिमेन्शिया की काय ते समजावून सांगितलं. मी ऐकत नव्हतो. मी दोन वर्षांचा प्रत्येक रविवार परत मोजून घेत होतो आणि प्रत्येकात माझाच आवाज निघत होता. बंगला मी सांगितला, भाव मी सांगितले. एकदाही विलास अशी हाक नाही. 'शेट' हा मान नव्हता. नाव माहीत नसलं की कुणालाही शेट म्हणावं, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी मी जाऊन बसलो आणि म्हटलं, अण्णा, गिरगावच्या दारांचा तो सौदा साफ चुकीचा होता. त्यांनी गुडघा घासला, कण्हले, बाहेर बघितलं. "तुमचा बरोबर," म्हणाले. "माझा चुकला."

मी चहा न घेता निघालो. नलू दारापर्यंत आली. मी तिच्यावरच ओरडलो, म्हटलं, हा माणूस रिकामा आहे, नुसतं दुकान उघडं आहे! ती म्हणाली, "आजारी आहेत हो दादा." मला कळत नव्हतं का? पण माझे पेढे वाटून झाले होते.

मी हार मानणाऱ्यातला नाही. त्या हिरव्या दारांपैकी एक जोडी मी विकली नव्हती. रंग काढून, तेल पाजून माझ्या ऑफिसला लावली आहे. एक दिवस अण्णांना आणि नलूला गाडीत घातलं, वखारीत आणलं आणि अण्णांना त्या दारासमोर उभं केलं. या वेळी मी मुद्दाम गप्प राहिलो. कामगारांनाही गप्प केलं.

अण्णा दाराजवळ गेले. बोटाचं पेर वाजवलं. खाली वाकून कडेला नख मारलं, नाक लावलं. मग दोन्ही तळहात लाकडावर ठेवून कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. आणि ज्या माणसाने जन्मात आधी तोंड उघडलं नव्हतं, तो आधी बोलला.

"माका व्हयो ह्यो माल. सांगशीत त्या भावान घेतंय."

धंद्यात असं कुणी बोलत नाही. असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने गळा कापून देणं. मला हवं होतं त्याच्या शंभरपट मला मिळालं होतं. मी पुढे झालो, म्हटलं, अण्णा, हा माल मी शोधला. मी, विलास.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाळाला आठी पडली, तीच जुनी.

"तुझो शेट खंय हा? तेका बोलव. हमालाशी काय बोलाचा?"

कामगार हसले. मी असा भडकलो की हातातली चावी भिंतीवर फेकली. नलूने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ही माफी मागेल. तर तिच्या डोळ्यांत पाणी, आणि म्हणते काय, "विलासदादा, तुम्हाला ओळखलं त्यांनी."

"ही ओळख?" मी म्हटलं. "हमाल ही ओळख?"

"मला तेवढीही नाही," ती म्हणाली. "मला बाय म्हणतात. भाजीवालीलाही बाय म्हणतात."

हे ऐकून तर माझा राग अजूनच वाढला.

आता मला कुणीतरी जबाब द्यावा. डॉक्टर सांगतात, माणूस थोडा थोडा जातो. ठीक आहे. मग माझं दार मागणारा कोण होता? तो जर अण्णा असेल, तर माझा सौदा बरोबर ठरला आणि त्यांनी तसं माझ्या नावानिशी म्हणावं. आणि तो अण्णा नसेल, तर मग मला हमाल म्हणणारा कोण? माझा अपमान तेवढा अस्सल, आणि माझी जीत तेवढी आजाराची, असा हिशोब मी चालू देणार नाही. दोन्ही एकाच तोंडातून, एकाच दमात आली आहेत. माल घ्यायचा तर किडलेल्या खिडक्यांसकट घ्यावा लागतो, हे मी गिरगावात मान्य केलं होतं. इथेही करीन. पण देणारा कोण, ते कळलं पाहिजे.

मी अजून रविवारी जातो. अण्णा खिडकीशी असतात, हल्ली 'येवा शेट'सुद्धा म्हणत नाहीत. मी खुर्ची टाकून समोर बसतो. नलू म्हणते, दादा, काहीतरी बोला ना, त्यांना बरं वाटतं. मी नाही म्हणून मान हलवतो. बोललो की माझेच शब्द मला परत मिळतात, ते मला नकोत. आत जो कुणी बसला असेल त्याने पुढे यावं आणि सांगावं, सौदा बरोबर होता की नव्हता. मला घाई नाही. तळहात गुडघ्यावर ठेवून मी बसलो आहे, आणि या वेळी मी आधी बोलणार नाही.